सुनेच्या लग्नाची भाकरी

एकवीस वर्षं झाली, मी हॉलंडमध्ये समुद्राजवळच्या एका शहरात राहते आणि तिथल्या एका इस्पितळाचं स्वयंपाकघर सांभाळते. रोज सातशे ताटं. कुणाला मीठ चालत नाही, कुणाला साखर, कुणाला सगळं वाटूनच द्यावं लागतं. कुठलं ताट कुणाकडे गेलं यात चूक झाली तर माणूस दगावू शकतो, म्हणून प्रत्येक ताटावर चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर सही असते.

सुट्टीत मी भरपूर फिरते, पण देखाव्यांपुढे फार वेळ उभी राहत नाही. नॉर्वेत सगळ्यांबरोबर आकाशातला हिरवा उजेड पाहायला गेले. माझ्या लक्षात राहिले ते बधिर झालेले पाय. इस्तंबूलच्या मोठ्या मशिदीत मान वर करून सगळे घुमट बघत होते, तेव्हा मी एवढे दिवे पुसत कोण असेल याचा हिशेब करत होते. एकदाच बोलती बंद झाली होती. आमच्या शहराजवळ समुद्राचं उधाण अडवायला दोन अवाढव्य लोखंडी दरवाजे बांधलेत आणि वर्षातून एकदा चाचणीसाठी ते मिटवून बघतात. काठावर आम्ही हजारभर लोक होतो. एकेक दरवाजा उभ्या गावाएवढा, आणि ते पाण्यावरून एकमेकांकडे इतक्या हळू सरकत होते की हललेलं कळत नव्हतं. कुणी ओरडलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. ते मिटले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण डब्यातला घास हातात धरून उभे आहोत.

माणसांनी जमवून आणलेलं काम बघितलं की माझं असं होतं. दुसऱ्यांदा ते झालं मागच्या वर्षी, थंडी सरताना, माझ्याच गावात.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या काठाला. माझी जिवलग मैत्रीण त्या गावची सून आहे. ती मूळची पारनेरकडची. नगरला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. माझ्या चुलतभावासाठी तिचं नाव मीच सुचवलं होतं. तो तिकडे शेती बघायचा आणि घराला लागून पिठाची गिरणी चालवायचा. लग्न झाल्यावर वर्षभरात गिरणी हिच्या हातात आली. नऊ वर्षांपूर्वी भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला. मूल नव्हतं. घरात ती आणि सासू, म्हणजे माझी काकू; काका आधीच गेले होते. तेरा दिवस गिरणी बंद राहिली, चौदाव्या दिवशी तिनं उघडली.

तिचा फोन आला तेव्हा मी कामावर होते.

“लग्न करतेय. ये.”

“कुणाशी?”

“मोटरवाल्याशी.”

गिरणीची मोटर दुरुस्त करायला बेलापूरहून एक गृहस्थ यायचे, विधुर, पन्नाशीचे. त्यांच्याबद्दल ती दोन वर्षं जरा जास्तच बोलत होती, त्यामुळे मला धक्का वगैरे बसला नाही. काकू काय म्हणाल्या, एवढंच विचारलं.

“‘कर’ म्हणाल्या. आणि गिरणीचं काय, ते विचारलं.”

गिरणी चालूच राहणार होती. ती बेलापूरला नांदणार, पण रोज सकाळी स्कूटीवर गावात येऊन दळण करणार, काकूंना जेवायला घालणार आणि संध्याकाळी परत जाणार. काकू घर सोडायला तयार नव्हत्या.

मी लग्नाच्या आधी चार दिवस पोचले आणि सवयीनं पहिला प्रश्न जेवणाचा विचारला. आमटी मांडवात शिजणार होती, आचारी ठरला होता. “आणि भाकरी?”

“भाकरी गावची,” ती म्हणाली.

मी तिला तेच परत म्हणायला लावलं.

आमच्या गावात लेकीच्या लग्नाला भाकरी गाव देतं. आमंत्रण द्यायला गेलं की शेवटी “भाकरी गावची” एवढं म्हणायचं. समोरच्यानं हो-नाही म्हणायचं नसतं आणि आपण विचारायचं नसतं. लग्नाच्या दिवशी सकाळी टेम्पो गावातून फिरतो आणि घराघरातून भाकरी गोळा होते. माझ्या लग्नालाही झाली होती. मी तेव्हा केसांत पिना खोचत बसले होते, भाकरीकडे बघितलंसुद्धा नाही. पण हा मान लेकीचा. सून दुसऱ्या गावाहून येते, तिची भाकरी तिच्या माहेरानं दिलेली असते. सुनेचं लग्न सासरच्या दारातून, आणि तेही विधवा सुनेचं, असं आमच्या गावात कधी झालंच नव्हतं, त्यामुळे त्याला नियमही नव्हता.

“लोक काय म्हणाले?”

“‘बरं’ म्हणाले.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं. त्यानंतर महिनाभर लग्नाचा विषय कुणी काढला नाही. डबा ठेवतात, दळण नेतात, हवापाण्याचं बोलतात.”

पाहुणे धरून सहाशे माणसं जेवायची होती. मी म्हटलं, श्रीरामपूरहून पुऱ्या सांगून ठेवू, लागल्या तर लागल्या. ती माझ्यावर उखडली. एवढ्या वर्षांत एवढी उखडलेली मी तिला पाहिली नव्हती.

“पुऱ्या आल्या तर मी मांडवात उभी राहणार नाही. अठ्ठावीस वर्षं या गावाचं दळतेय मी. लग्नानंतर रोज इथं यायचंय मला. मी कुणाच्या गावात येतेय, माझ्या की परक्या, ते एकदा मला कळू दे.”

“आणि भाकरी नाही आल्या तर?”

“तर कळेल.”

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरला जाऊन तिला न सांगता दीड हजार पुऱ्यांची ऑर्डर देऊन आले. तिला काय कळायचं ते कळेल, पण बेलापूरची वऱ्हाडी मंडळी आमटी पिऊन परत गेली असती तर ते मला सहन झालं नसतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी हळद होती. हळद सवाशिणींनी लावायची असते. जमलेल्या चार-पाच बायका एकमेकींकडे बघत होत्या. काकू आतून आल्या, वाटीत बोटं बुडवली आणि पहिली हळद त्यांनीच सुनेच्या गालाला लावली. “आता लावा तुमी,” म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या. मग सगळ्यांनी लावली.

हळद लागली की नवरीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं. म्हणून हिनं पहाटेच गिरणीला कुलूप घातलं होतं आणि दारावर खडूनं लिहिलं होतं, ‘गिरणी दोन दिवस बंद’.

अकराच्या सुमारास मी नारळ घेऊन येत होते. गिरणीपुढच्या ओट्यावर कायम पिठाचा थर असतो. त्या थरावर ठसे होते. गोल, डब्यांच्या बुडाचे. एकाला लागून एक, एकावर एक, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी बघतच राहिले. तेवढ्यात वरच्या आळीची एक बाई कमरेवर डबा घेऊन तरातरा जाताना दिसली.

“कुठं निघालीस गं?”

“कोल्हारला. दुसरं काय करू?” ती थांबली ती भांडायच्या तयारीनंच. “ताई, तुमच्या मैतरनीला काय म्हनावं? भाकरी गावची म्हनली आन आपन गिरनीला कुलूप लावून बसली! बाजरी काय मांडवात चावून खायाची व्हय?”

“घरात पीठ नाही?”

“बाजरीचं पीठ कुनी साठवतं व्हय? चार दिसात कडू पडतंय. उद्याच्या भाकरीला आज दळायचं, असं आख्ख्या गावानं धरलंय. सकाळधरनं बाया येत्यात आन कुलूप बघून माघारी जात्यात.”

माझ्या हातात नारळांची पिशवी होती. ती मी ओट्यावरच ठेवली, ठशांच्या बाजूला, एकही न पुसता.

आत जाऊन मैत्रिणीला सांगितलं. ती जुन्या पातळात, हळदीनं पिवळी होऊन पाटावर बसली होती. आधी तिला अर्थ लागेना. गावाचं दळण हातात असलेल्या बाईनं, गावाच्या भाकरीवर सगळं लावून, त्याच दिवशी गिरणी बंद ठेवली होती आणि हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

“किती डबे होते?”

“मोजले नाहीत. ओटा भरलाय.”

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं घड्याळाकडे बघितलं. “लाइट चारला जाते,” म्हणाली आणि उठली. गिरणीला थ्री फेज लागते आणि त्या आठवड्यात ती चारपर्यंतच होती.

“कुठं निघालीस?” चुलीजवळून काकू.

“गिरणीत.”

“हळदीची बाई उंबऱ्याभाईर जात न्हाई.”

ती जागच्या जागी थांबली. मी काकूंशी वाद घालायला तोंड उघडणार होते, की हे सगळं खुळचट आहे वगैरे. बरं झालं, उघडलं नाही. काकू शांतपणे भाकरीचं पीठ मळत होत्या.

“मधल्या दारानं जा,” म्हणाल्या. “त्याला उंबरा बसवायचा ऱ्हाऊनच गेल्ता.”

स्वयंपाकघरातून गिरणीत जायला एक दार होतं हे मला माहीतच नव्हतं. त्याच्यापुढे धान्याची पत्र्याची कोठी किती वर्षं उभी होती कुणास ठाऊक. मी आणि हळदीच्या दोघी बायका, तिघींनी मिळून ती सरकवली. कडी गंजली होती, ती खलबत्त्याच्या बत्त्यानं काढली. नवरी त्या दारातून वाकून आत गेली, मी बाहेरून जाऊन गिरणीच्या पुढच्या दाराचं कुलूप काढलं आणि तिनं मोटर सुरू केली. तेव्हा पावणेबारा झाले होते.

बचत गटाच्या ग्रुपवर एका बाईनं ‘गिरणी चालू’ एवढंच टाकलं. पंधरा मिनिटांत ओटा भरला, मग रस्ता. माझ्यातली स्वयंपाकघरवाली जागी झाली. मी घरातून चिकटपट्टी आणि पेन आणलं आणि डब्यांवर नावं लिहायला घेतली.

“ह्ये काय चाललंय?” एक म्हातारी.

“नावं लिहितेय. डबे सगळे सारखे आहेत, अदलाबदल होईल.”

“सारखे?” ती बाकीच्यांकडे वळली. “आगं, ताईंला आपले डबे सारखे दिसत्यात!”

हसण्याची एक लाट रांगेच्या टोकापर्यंत गेली. “तुमच्या तिकडं मानसांच्याबी कपाळावर नाव लिवत्यात का वो?” असंही कुणीतरी विचारून घेतलं. आमच्या इस्पितळात मनगटावर लिहितात, हे मी सांगितलं नाही.

मग मी पेन ठेवलं आणि बघत बसले. माझी मैत्रीण डब्याकडे न बघता हात मागे करायची, हातात आलेल्या डब्याच्या झाकणावर बोटं फिरायची आणि तिला कळायचं. “हे मागच्या आळीचं. यांना जरा रवाळ लागतं.” दगड तेवढाच वर. “हे बारीक.” दगड खाली. पीठ पडायला लागलं की चिमटीत घेऊन अंगठ्यानं चोळायचं, एकदाच, आणि पुढचा डबा. मोटरचा आवाज किंचित जड झाला की तिचा हात आपोआप धान्य पडायच्या तोंडाशी जाई आणि धार कमी करी. बोलणं चालूच. साठ घरांचे दात, साठ घरांच्या आवडी तिच्या बोटांत होत्या. मला सातशे ताटांसाठी तीन संगणक लागतात.

आणि बाहेर रांग स्वतःच स्वतःला लावून घेत होती. आधी सगळी बाजरी, मग ज्वारी, म्हणजे दगड मध्ये झाडायला नको. हे कुणी सांगितलं नाही. मशिदीमागच्या आळीतून आलेल्या चाचींनी आपला डबा उचलून मागे नेला. “आमची ज्वारी हाय, मागनं होऊ द्या,” म्हणाल्या आणि सावलीत बसल्या. एक लेकुरवाळी आली, तिचा डबा हातोहात पुढे गेला.

नवरीची थट्टा तर अखंड चालली होती.

“वैनी, मोटर बरी चाललीय. पाव्हन्यांनी मन लावून बशिवलेली दिसती!”

“मोटर बघायला आल्ता आन मालकीन घिऊन चालला!”

“चालला कुठं? मालकीन रोज हितंच यायचीय. त्योच बसंल तिकडं भाकरी थापीत.”

“थापू दे की,” नवरी आतून ओरडली. “मी दळून देते त्याला.”

गालावरच्या, हातांवरच्या हळदीवर पीठ बसत होतं. दोन वाजेपर्यंत ती पिवळी राहिली नव्हती, बाजरीच्या पिठाच्या रंगाची झाली होती. काकूंनी दोनदा मधल्या दारातून पाणी दिलं. एवढ्या गोंगाटात, एवढ्या बायकांत, तुला आम्ही आपलं मानलं असं एकीनंही म्हटलं नाही. त्या विषयाला कुणी शिवलंसुद्धा नाही. त्यांचं बोलणं एवढंच होतं, की उद्या टेम्पो किती वाजता येणार आणि फडकी कुणाची कमी पडतायत.

मी घरामागे गेले आणि श्रीरामपूरला फोन करून पुऱ्या रद्द केल्या. आगाऊ दिलेले पैसे परत मिळणार नाहीत, असं पुरीवाला म्हणाला. राहू द्या, म्हटलं.

चारला पाच मिनिटं असताना वीज गेली. दोन डबे राहिले होते आणि एक अर्धा दगडात होता. त्या अर्ध्या डब्याची मालकीण म्हणाली, “असू दे, अर्ध्या भाकरी करते.” राहिलेल्या दोघींना शेजारणींनी तिथल्या तिथे आपल्या पिठातली दोन-दोन मापं घातली आणि सगळ्या घरोघरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हट्टानं टेम्पोत पुढे बसले. मला ते बघायचंच होतं. गावात धूर भरला होता, रोजच्यासारखा नाही, प्रत्येक छपरावरून, आणि सगळीकडून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. टेम्पो प्रत्येक दारापुढे थांबत होता आणि प्रत्येक दारातून कुणीतरी बाहेर येत होतं, फडक्यात बांधलेली चवड दोन्ही हातांवर धरून. कुणाची तीस, कुणाची पाच. पाच देणारी म्हातारी चवड आमच्या हवाली करून परत आत गेली नाही, टेम्पो वळेपर्यंत दारात उभी राहिली. चाचींच्या आळीतून ज्वारीच्या आल्या, पांढऱ्याशुभ्र, काठ गोल कापल्यासारखे. मी दर दारापुढे आधी मनात धरत होते, की हे घर देणार नाही. तीन दारांनंतर ते बंद केलं. एक दार बंद होतं, त्या घरातले लोक गावाला गेले होते. त्यांची चवड शेजारच्या घरात करून ठेवलेली होती.

मांडवाला लागून असलेल्या शाळेच्या मोठ्या वर्गात पांढऱ्या चादरी अंथरल्या होत्या. त्यावर भाकरी ओतायला सुरुवात केली. माझ्या गुडघ्याएवढी रास झाली, मग कमरेएवढी, आणि टेम्पो दुसऱ्या फेरीला गेला. बाजरीच्या राखाडी-हिरव्या, ज्वारीच्या पांढऱ्या, कुठे करपलेले डाग, कुठे बोटांचे ठसे तसेच राहिलेले. वर्ग उबदार झाला. खिडकीतून ऊन येत होतं आणि राशीवरून निघालेली वाफ त्या उन्हात दिसत होती. मी दाराशी उभी होते. एका घरानं पंधरा भाकरी दिल्या की त्यात काही विशेष नाही. मी रोज त्याहून जास्त अन्न हलवते. पण इथे कुणी यादी केली नव्हती, कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कुणावर जबाबदारी नव्हती, आणि तरी ती रास माझ्या छातीपर्यंत आली होती. वाढप्यानं येऊन “ताई, जरा बाजूला व्हा” म्हटलं, तेही दोनदा म्हणावं लागलं.

लग्न वेळेवर लागलं. मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांचा आवाज बसला होता, अक्षता अर्ध्या माझ्या डोळ्यांत गेल्या. नवरदेव घामाघूम होते आणि सारखे मांडवाच्या वायरीकडे बघत होते, त्या कुणी तरी चुकीच्या जोडल्या होत्या. बेलापूरच्या एका वऱ्हाडी गृहस्थांनी वर्गात डोकावून मला विचारलं, “किती आचारी लावले होते हो?”

“साठ,” मी म्हटलं.

विधींतून सुटल्यावर नवरी जेवायच्या आधी सरळ वर्गात आली. शालू, मुंडावळ्या, हातात हार तसाच. राशीपुढे उभी राहिली. कितीतरी वेळ. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, ते तिचं तिला असू द्यावं. मग तिनं वाकून एक भाकरी उचलली, कडेचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

“मागच्या आळीची,” म्हणाली. “शंभरदा सांगितलं, रवाळ नको, चिरते.” तुकडा चावता चावता डोळे पुसले आणि पंगतीला गेली.

पंगती तीन उठल्या तरी भाकरी उरली. पाठवणीच्या वेळी बायकांनी उरलेल्या भाकरींचं गाठोडं गाडीत कोंबलं. बेलापूर अर्ध्या तासावर आहे, पण लेकीच्या गाडीत वाटेची भाकरी घालायची म्हणजे घालायची. काकू गाडीपर्यंत आल्या नाहीत. मांडवातल्या खुर्चीत बसून त्यांनी हात वर केला, तेवढाच.

गाडी सुरू झाली तेवढ्यात अर्ध्या डब्याची मालकीण पुढे घुसली आणि तिनं काचेवर टकटक केलं.

“वैनी, गिरनी कवा उघडनार? घरात चिमूटभर पीठ न्हाई ऱ्हायलं. समदं तुमच्याच लग्नात गेलं.”

पाठीमागून आणखी दोघी-तिघींनी तेच विचारलं.

नवरीनं काच खाली केली. “परवा,” ती म्हणाली. “आठला. डबे आजच ठेवून जा ओट्यावर.”